मधलं घर

हिरव्या स्केचपेनचं टोपण घरंगळत येऊन त्याच्या चपलेला टेकलं. उचलायला तो वाकला, गुडघा कुरकुरला, तेवढ्यात टेबलाखालून नातीचा हात आला आणि टोपण घेऊन गेला. भिंगरी म्हणतात तिला, एका जागी ठरत नाही म्हणून. नाव त्याच्या बायकोनं ठेवलेलं... ती असती तर कौटुंबिक न्यायालयाच्या या खोलीत तो असा ओंडक्यासारखा बसला नसता. तिनं मुलाचे कान उपटले असते, सुनेला जवळ घेतलं असतं, निदान भांडण तरी मोठ्यानं झालं असतं. या दोघांचं भांडण कधी ऐकूच आलं नाही. वेगळे होतोय, एवढंच एकदम कानावर आलं.

वकीलबाईंनी त्याला आधीच सांगून टाकलं होतं, "काका, घटस्फोट दोघांच्या संमतीनं आहे. मुलगी आईकडे राहील, बापाला शनिवार-रविवार मिळेल, पालक म्हणून हक्क दोघांचेही राहतील. आजोबांना मात्र वेगळं मागावं लागेल. आणि कोर्ट बघतं मुलीचं हित, तुमची हौस नाही." हौस! तेव्हापासून तो एकच वाक्य घोटत होता — महिन्यातून एक तास द्या, बागेत चालेल, समोर कुणी पहारा दिला तरी चालेल... आणि 'द्या'पाशी दर वेळी अडखळायचा. आपल्याच नातीसाठी हात पसरायचा? पसरीन. माझं काय जातंय. नाहीतरी घरी कोण बसलंय मला हसायला.

समुपदेशकबाई एकेक कलम वाचत होत्या. शाळा, आजारपण, सुट्ट्या, सगळ्यावर दोघांनी माना डोलावल्या. मग त्यांनी विचारलं, "शुक्रवारी मुलगी एकमेकांच्या हवाली कुठं करणार?"

"मी हिच्या दारात जाणार नाही," मुलगा म्हणाला.

"आणि मी त्याचा जिना चढणार नाही."

"काही जण पोलीस चौकी लिहितात," बाई हळूच म्हणाल्या.

आता बोललं नाही तर राहूनच जाईल — तो उठला. "मला महिन्यातून—"

"बाबांकडे," सून म्हणाली.

"माझ्याकडे काय?"

"शुक्रवारी शाळा सुटली की मी तिला तुमच्याकडे सोडीन. हा कामावरून येताना घेऊन जाईल. रविवारी उलटं."

मुलानं मान वर केली. "चालेल."

त्याला खाली बसायचंही सुचेना. "म्हणजे मी एस्टी स्टँड झालो की!"

"व्हा की. पण दोन घास खाऊ घाला हं, बाबा. नुसते लाड नकोत."

"लाड पण!" टेबलाखालून आवाज आला.

बाई हसल्या. न्यायाधीश पुढच्या तारखेला विचारतील, त्याआधी घर बघायला माणूस येईल, म्हणाल्या. येऊ दे! गॅलरीच्या कठड्याला जाळी लावायला हवी, गज विरळ आहेत... बायकोच्या खुर्चीवर कपड्यांचा ढीग पडलाय, तो हलवायला हवा, तिथं भिंगरी बसेल... वेणी घालायला शिकायला हवं, सून नक्की तपासणार. आणि खालच्या दुकानदाराला सांगायचं, शुक्रवारी दूध जास्त ठेव. तो विचारेल, का हो? विचारू दे. सांगीन...

मुलगा पेनाशी चाळा करत होता. सुनेनं पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला, जुन्या सवयीनं, आणि मग हात मागे घेतला. तो उभ्यानं बघत होता. यांचा संसार मोडला म्हणून माझा शुक्रवार आला. चेहरा तरी जरा गंभीर ठेवावा माणसानं... त्यानं ठेवून पाहिला, पण गाल ऐकेनात. हे बरं का गं दिसतं, त्यानं बायकोला मनातच विचारलं, रोज विचारायचा तसंच. रोज मग तो थांबायचा, ती काय म्हणाली असती ते जुळवत तासन् तास बसून राहायचा. आज थांबायला सवड नव्हती. वेणीला आधी केसांचे तीन भाग करायचे असतात, एवढं त्याला माहीत होतं. पुढं काय करतात, ते आठवत तो तिथंच उभ्या उभ्या बोटं हलवू लागला.