पार्वतीबाईंचं कार्ड

कुरुंद्याच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागतानाच करुणानं ठरवलं होतं, नुसती पुस्तकं देत-घेत बसायचं नाही. तिचा प्रबंध चालू होता आणि विषय भारी होता: टीव्हीच्या प्रेक्षकांना लावतात तो सिद्धांत वाचनालयातल्या वाचकांना लावून बघायचा. माणूस आपली गरज ओळखतो आणि त्याप्रमाणे माध्यम निवडतो, असं तो सिद्धांत सांगतो. मग कुरुंद्याचा वाचक इथं काय शोधायला येतो? माहिती, करमणूक, की पंख्याची हवा? करुणानं एकेकाला समोर बसवून विचारायला सुरुवात केली. पंख्याची हवा अर्थातच कुणी कबूल केली नाही.

पार्वतीबाई मात्र खरं बोलल्या. साठी ओलांडलेली ही बाई दर बाजाराच्या दिवशी यायची आणि "जाडजूड दे, लवकर सरू नये असं" म्हणून एखादी कादंबरी घेऊन जायची.

"मावशी, तुम्ही कशासाठी वाचता?" करुणानं विचारलं.

"मला कुठं वाचता येतं, माय? अंगठाबहाद्दर हाय मी."

पुढं विचारायचं करुणाला सुचलंच नाही. घरी पुस्तक न्यायची कार्डं मोजकी, ती मिळावीत म्हणून भरतीची तयारी करणारी पोरं ताटकळलेली, आणि वाचता न येणारी बाई एक कार्ड अडवून बसलेली! तिनं प्रबंधात 'अवाचक' असा नवा गट पाडला. तो सुचल्याचं तिला कौतुकही वाटलं. मग तिनं पार्वतीबाईंचं कार्ड बंद केलं आणि घरी असलेली कादंबरी परत मागवली. पार्वतीबाईंनी ती मुकाट्यानं आणून दिली.

पुढं एका वाचकानं तीच कादंबरी टेबलावर आपटली. पुस्तक खराब आहे म्हणाला. करुणानं पानं उलटली, तर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर हळदीच्या बोटांचा पिवळा ठसा. अर्ध्या पुस्तकापर्यंत ठसे होते, पुढची पानं स्वच्छ. कुणीतरी मन लावून वाचत होतं, आणि तिनं ते मध्येच ओढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कादंबरी पिशवीत घालून पार्वतीबाईंच्या घरी गेली. अंगणात वाळलेल्या हळदीचा ढीग होता. पार्वतीबाई आणि त्यांची सून वैष्णवी हळकुंडं निवडत होत्या. मुलगा बालाजी पलीकडे पोत्यांची तोंडं शिवत होता.

करुणानं पानांवरचे ठसे दाखवले. "ही वाचून दावायची, मी ऐकायची," पार्वतीबाई सुनेकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या. मग मुलाकडं डोळ्यांनी खुणावून आणखी हळू म्हणाल्या, "बाकीचं नको इचारू."

पण करुणाला आपली चूक सुधारायची घाई झाली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं बोलली, "अहो, म्हणजे खरी वाचक वैष्णवी! तिच्याच नावानं नवं कार्ड देते मी."

बालाजीचा हात थांबला.

"हिच्यासाठी येत व्हती काय पुस्तकं?" तो उठला. "आईला ऐकायचंय म्हणून ही वाचती, असं समजून मी गप व्हतो, मॅडम. लग्नातच ठरलं व्हतं, शिकणं-वाचणं आता बस. तुमी आमच्या घरच्या भानगडीत काहून पडता? कार्ड नको अन् पुस्तकबी नको."

"मलाच ऐकायचं व्हतं रे," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यात काही खोटं नव्हतं, पण आता ते कोण मानणार? बालाजी दाभण टाकून बाहेर निघून गेला.

करुणाला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "मावशी, माझं चुकलं," ती कशीबशी म्हणाली.

"त्या दिवशी तू इचारलं, म्हणून मी खरं सांगितलं," पार्वतीबाई हळकुंडांवरची नजर न उचलता म्हणाल्या. "आज तर तुला कुणी इचारलंबी नव्हतं, माय."

करुणा दारापर्यंत गेली तशी वैष्णवी मागून आली, रस्त्याकडं एकदा बघून घेतलं आणि घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, पुस्तक नका देऊ. तेवढं सांगा फक्त, त्यातली ती पोरगी शेवटी माहेराहून परत जाती का?"

करुणानं पिशवी छातीशी धरली. तिनं गावातल्या एकूणएक वाचकांचे गट पाडले होते. ती कादंबरी मात्र तिनं वाचली नव्हती.