दोनदा हळू, एकदा जोरात

नातीने वर्गात छाती ठोकून सांगून ठेवलं होतं, "माझे आजोबा धान्य पाखडतात तेव्हा एक दाणाही खाली पडत नाही."

आजोबांनी जन्मात सूप हातात धरलं नव्हतं. पाखडायची ती आजी. चाळीस वर्षं तिचं एकच म्हणणं, "तुम्ही पोती उचला. सुपाला हात लावाल तर खबरदार!" तिला जाऊन वर्ष होत आलं, तरी सूप तिने टांगलं तिथेच होतं. पण शाळेत आजी-आजोबांना बोलावलं, आजी तर नव्हती; मग नातीने आजीचं सगळं कौतुक आजोबांच्या नावावर लावून टाकलं.

आता पोरीचा शब्द खाली पडू द्यायचा कसा? आठ दिवस त्यांनी गच्चीवर चोरून सराव केला. हात काही बसला नाही. कबुतरं मात्र गुटगुटीत झाली.

शाळेत विषय होता 'शेती : काल आणि आज'. बाईंनी आधी पडद्यावर 'आज' दाखवला. भलंमोठं यंत्र शेत गिळत चाललं होतं आणि मागून स्वच्छ गहू ओतत होतं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

"आता काल," बाई म्हणाल्या.

काल उठून उभा राहिला. त्याच्या हातात आजीचं सूप होतं.

पंखा बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. पहिल्याच झटक्यात कोंडा बाईंच्या केसांत आणि निम्मे दाणे त्यांच्या टेबलावर.

"बरोबर आहे, खाली नाही पडले!" मागून एक कार्टी ओरडली. "वरच पडले!"

वर्ग बाकं बडवून हसू लागला. नात लालबुंद होऊन बुटांकडे बघत बसली.

त्या बडवण्याने आजोबांना काहीतरी आठवलं. आजी पाखडायची तेव्हा ते खाटेवर डोळे मिटून पडलेले असायचे. तिचे हात त्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते. पण आवाज रोज ऐकला होता.

"असं नाही बडवायचं!" ते ओरडले. "दोनदा हळू, एकदा जोरात. चला!"

धप, धप, धडाक. धप, धप, धडाक.

आजोबांनी डोळे मिटले. मनगटं आपोआप तालात आली. प्रत्येक धडाकला कोंडा पुढे उडू लागला आणि गहू मुकाट्याने परत सुपात येऊ लागला. बाई टेबल बडवू लागल्या. हा काय गोंधळ म्हणून मुख्याध्यापक धावत आले, ते दारातच कोंड्याने माखले, आणि दोन शिंका देऊन तेही दार बडवू लागले.

सूप थांबलं तेव्हा नात गुडघ्यांवर बसून फरशीवरचे दाणे मोजत होती.

"या वेळी सतराच पडले, आजोबा," ती हळूच म्हणाली. "आजी असती तर काय म्हणाली असती?"

"मला वर्गाबाहेर उभं केलं असतं," आजोबा म्हणाले, आणि सूप पुन्हा भरायला घेतलं.