अनुक्रमणिकेची टिंबं

बायको लिफ्टची तपासनीस आणि नवरा तपासणीचे अहवाल बनवणारा प्रोग्रॅम लिहिणारा, अशी ती जोडी. तिच्या खात्याने त्याच्याच कंपनीचा प्रोग्रॅम घेतला तेव्हा त्याला कोण आनंद झाला होता! पण महिनाभरातच घरी जेवणाआधी तक्रारी वाढल्या जाऊ लागल्या.

"तुझ्या प्रोग्रॅममधून अहवाल वर्डमध्ये काढला, की अनुक्रमणिकाच येत नाही."

"ती वर्डमध्ये करायची असते. मेनूत आहे बघ."

"केली. 'एकही शीर्षक सापडलं नाही' म्हणतं."

"असं होणारच नाही," तो ठासून म्हणायचा. "आणि घरात ऑफिस नको. रीतसर तक्रार नोंदव."

तिने खरंच नोंदवली. 'महोदय' अशी सुरुवात आणि खाली हुद्द्यासकट बायकोचं नाव असलेली ती तक्रार त्याच्या पडद्यावर उघडली, तेव्हा शेजारच्या टेबलांवरची मंडळी पोट धरून हसली. त्याच्या साहेबीणबाईंनी हसू दाबत फर्मान सोडलं, "तक्रारदार ओळखीच्या दिसतात. जाऊन बघून या."

तिच्या ऑफिसात तो पहिल्यांदाच येत होता. कपाटावर झिजलेली चाकं आणि पोलादी दोरांचे तुकडे मांडलेले. तिने खुर्ची ओढून दिली.

"बस. बोलू नकोस. नुसतं बघ."

तिने एका मोठ्या इमारतीतल्या सगळ्या लिफ्टचा जाडजूड अहवाल वर्डमध्ये काढला. सुरुवातीला कोरं पान घेतलं आणि वर 'अनुक्रमणिका' असं टाइप केलं. मग खाली जाऊन पहिलं शीर्षक शोधलं, पान क्रमांक पाहिला, वर येऊन 'मोटर आणि ब्रेक' लिहिलं आणि टिंबाच्या बटणावर बोट दाबून धरलं. टिंबांची रांग पळत पळत कडेपर्यंत गेली. पुढे आकडा. ओळ जरा बाहेर आली, तशी तिने दोन टिंबं खोडली. पुन्हा खाली, पुन्हा वर. हे करताना ती हलकेच गुणगुणत होती. लेकीच्या केसांतला गुंता सोडवताना ती अशीच गुणगुणायची. त्याला कसंतरीच झालं.

तेवढ्यात दारातून मोठ्या साहेबांनी डोकं आत घातलं. "बाई, दोरांच्या झिजेचे आणखी फोटो आलेत, तेवढे घाला."

फोटो घातले आणि पुढची सगळी पानं सरकली. ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. मुकाट्याने वरून आकडे बदलायला लागली.

"असं किती वेळा करतेस?"

"ते साहेबांच्या लहरीवर."

त्याने माउस घेतला आणि एका शीर्षकावर टिचकी मारली. अक्षर मोठं, ठळक. पण वर्डच्या लेखी तो साधा मजकूर! प्रोग्रॅम शीर्षकं नुसती सजवून पाठवत होता, ती शीर्षकं आहेत हे वर्डला कोणी सांगतच नव्हतं. मग अनुक्रमणिका येणार कुठून?

"तुझं बरोबर होतं," तो म्हणाला. "चूक आमची आहे."

"हे घरी लेकीसमोर पुन्हा म्हणशील?"

आठवड्याभराने तो दुरुस्ती घेऊन आला. तिने अहवाल काढला, फाइल उघडली, तर अनुक्रमणिकेची चौकट रिकामी! त्याचा चेहरा पडला.

"उघडताना काही विचारलं का?"

"विचारलं ना. दस्तऐवजातली माहिती बदलू का, म्हणे. सही-शिक्क्याचा अहवाल आहे, मी कशाला 'हो' म्हणू? 'नाही' दाबलं."

'हो' दाबायचं असतं, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं. कुठलं शीर्षक कुठल्या पानावर पडणार हे पानं मांडल्याशिवाय कळत नाही, म्हणून त्याने ते काम वर्डवर ढकललं होतं. आणि वर्ड ते बायकोला विचारत होतं. तिच्या जागी त्यानेही 'नाही'च म्हटलं असतं.

तो परत गेला. आता प्रोग्रॅमच आधी पानं मांडून आकडे भरेल आणि मगच फाइल हातात देईल, अशी सोय त्याने केली. साहेबीणबाई कुरकुरल्या, पण तक्रारदारांचं नाव घेतल्यावर हसून गप्प बसल्या.

तिसऱ्या खेपेला तिने फाइल उघडली. काही विचारलं गेलं नाही. शीर्षकं, आकडे, मधली टिंबं, सगळं जागच्या जागी. तरी तिने छापून घेतलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून पानं ताडून पाहिली. तो निकालाच्या दिवशी उभा राहावा तसा बाजूला उभा.

"बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. मग जरा वाकून, "टिंबंही एका रेषेत आलीत रे."

साहेब पुन्हा दारात. "बाई, एक परिशिष्ट जोडायचं राहिलं."

"जोडू की साहेब," ती म्हणाली. "आणखी काही असेल तर तेही आणा."

साहेब गोंधळून तिच्याकडे बघत राहिले.

त्या दिवशी दोघं उजेड असतानाच बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या दुकानात ती चपला घालून बघायला बसली. ही जरा टोचते, तिचा रंग भडक, असं तिचं चाललं होतं. तो मांडीवर खोकी सांभाळत बसला होता आणि तिने विचारताच प्रत्येक जोड चांगला दिसतो म्हणत होता. शेवटी दुकानदारच वैतागला.