कापड्यात उघडलेली सहा नंबरची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी, तपकिरी काचेची बाटली आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात सहाचा आकडा आहे. ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची शंकाच वाटते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं पाणी पोटात धरलं. बोलायची सवय नाही. पण स्वस्थही बसवत नाही, म्हणून सांगते.

मुंबईतल्या एका काचकारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी एका प्रयोगशाळेत आले. आम्हा बाटल्यांना धुण्याचं काम मालोजीकडे होतं. तो पोलादपूरजवळच्या कापडे गावचा. तो आम्हाला आम्लाने धुई, भट्टीत तापवी, काचेचं बूच बसवी आणि वरून तोंडाला चंदेरी कागद बांधून ठेवी. मग आत बोट घालायची कुणाची छाती नसे. तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ पोतनीस बाई म्हणायच्या, "मालोजी, तुझी बाटली मी पुन्हा तपासत नाही." चार वर्षं तो रोजंदारीवरच होता. त्याला कायम करण्याचा कागद बाईंच्या टेबलावर होता.

१९८५ च्या थंडीत आम्हा सहा बाटल्यांना आणि मालोजीला बोटीने अंटार्क्टिकाला पाठवलं. डास मारायला भिंतींवर मारतात ती डीडीटी तिथल्या बर्फात पोचली आहे का, हे बाईंना पाहायचं होतं. ती लवकर नासत नाही. वाऱ्याबरोबर दूर जाते. त्या बर्फात ना घर, ना शेत, ना डास. तिथे ती सापडली, तर आपल्यासारख्यांच्या वस्तीतूनच गेलेली असणार. आमच्यात बर्फ भरताना मालोजी वाऱ्याकडे तोंड करून उभा राही, म्हणजे त्याच्या कपड्यांवरचा कण आमच्यात उडून पडायला नको. बोटं बधिर होत, तरी तो घाई करत नसे. मी तेव्हा जितकी स्वच्छ होते, तितकी पुन्हा कधी झाले नाही.

परतल्यावर आम्ही गोव्याच्या शीतगृहात राहिलो. मे महिन्यात बर्फाच्या पेटीतून जीपने मुंबईला निघालो. पोलादपूरला जीपचा पट्टा तुटला. पेटीतला बर्फ वितळत आला होता. ड्रायव्हर जीपपाशी थांबला. मालोजीने पेटी टेम्पोत घालून कापड्याला आपल्या घरी आणली, गारव्याला ठेवली आणि नवा बर्फ आणायला तो महाडला गेला.

सकाळीच हिवतापाचे फवारणीवाले येऊन गेले होते. भिंती पांढऱ्या पडल्या होत्या. दाराशी गेरूने तारीख लिहिली होती. मालोजीची आई येसूबाई अंगणात काढलेली भांडी आत आणत होती. तिच्या हातांना, पदराला डीडीटीची पूड लागली होती. तेवढ्यात शेजारची बयाबाई आली.

"गो येसू, तुझा लेक दुनियेच्या टोकाला जाऊन आला, नि आणलंन काय? बाटल्या! काशीला जाणारा निदान गंगा तरी आणतो."

येसूबाईला ते लागलं. तिने पेटी उघडली आणि नेमकं मलाच उचललं. "ही काय गंगा नाय तर? तोंड बघ कसं बांधलंय. गंगेच्या गडूला असंच बांधतात."

मी ओरडले असते, पण काचेला ओरडता येत नाही. तिने कागद सोडला, पदराने माझं तोंड पुसलं, बूच काढलं आणि पळीत पाणी ओतलं. तोवर जमलेल्या पाच-सहा बायकांनी तळहात पुढे केले.

"चव नाय गो काय," बयाबाई म्हणाली.

"गंगेला कुठं चव असती? ताकाला आलीस व्हय?"

बायका हसल्या. उरलेली पळी तिने माझ्यातच परत ओतली. इतक्यात मालोजी बर्फ घेऊन दारात आला.

"आये, काय केलंस गो हे!"

"तीर्थ दिलं रे सगळ्यांना. तुझ्या नावानं. चुकलं काय?"

मालोजीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. "नाय गो," तो म्हणाला. त्याने मला बूच लावलं आणि पुन्हा चंदेरी कागद बांधला. पहिल्यासारखाच घट्ट.

मुंबईत तपासणी झाली. माझ्या पाण्यात इतर पाच बाटल्यांच्या चाळीसपट डीडीटी निघाली. पोतनीस बाई खुर्चीतून उठल्याच. "मालोजी, जगाला हे कळलं पाहिजे!" त्यांनी निबंध टंकलेखनाला दिला आणि कायम करण्याचा कागदही पुढे ओढला. मालोजी नुसता मान हलवत राहिला. तीन दिवस तो मला उचलून खाली ठेवी, पुन्हा उचली. मला तर स्वतःच्या पाण्याची किळस आली होती. चौथ्या दिवशी त्याने मला बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, ही आमच्या घरी उघडली गेली. आईला कळलं नाही. मला कळलं होतं."

बाईंनी निबंध परत मागवला आणि त्यातल्या माझ्या आकड्यावर काट मारली. त्यांनी मालोजीचा कागदही खणात टाकला. "या वर्षी नाही," त्या म्हणाल्या. "उघडल्याबद्दल नाही. गप्प राहिलास त्याबद्दल."

पण बाकीच्या पाच बाटल्या उरल्या होत्या. त्यांच्यातही डीडीटी होती, अगदी थोडी, पण होती. तो खरा आकडा खरं सांगून मालोजीनेच वाचवला होता. पुढच्या वर्षी बाईंनी त्याला कायम केलं आणि मला नवं काम दिलं. आता माझ्यात शुद्ध पाणी भरतात आणि नमुन्यांबरोबर पाठवतात. जिथे त्यांची पेटी उघडेल तिथे मलाही उघडायचं. वाटेत काही मिसळलं, तर ते माझ्यात दिसतं. मला बक्षीस मिळालं की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या पाच बाटल्यांतला कण कुठल्या भिंतीवरून उडाला असेल, या विचाराने मी अजून अस्वस्थ होते. कापड्याच्याच का? ती पूड मारली नसती तर तिथली पोरं हिवतापाने फणफणली असती, हेही खरं. याचं उत्तर बाटलीला कुठून ठाऊक असणार?

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. हातून एखादं झाकण उघडलं गेलं, तर ते मुकाट्याने परत घट्ट लावून ठेवू नका. लगेच सांगा. आकडा निघाल्यावरही मालोजीला तीन दिवस लागले. तुम्ही इतके लावू नका.