भावी जलतरणपटू

शिवशंकर पाटबंधारे खात्यात नोकरीला. उभी हयात नांदेडात गोदावरीच्या काठी गेली, पण पोहता येत नव्हतं. यंदाच्या उन्हाळ्यात शिकायचंच, असं त्याने ठरवलं आणि चहाच्या टपरीवर ग्यानोबाला बोलून बसला. ग्यानोबा कॉलनीच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष.

"कुणाला सांगू नको."

"हाव ना. मी कशाला सांगू?"

सकाळी चौकात फ्लेक्स. 'भावी जलतरणपटू मा. शिवशंकरभाऊ यांना हार्दिक शुभेच्छा!' फोटो लग्नातला, फेट्यासकट. खाली शुभेच्छुक, त्यात ग्यानोबाचा चेहरा सगळ्यात मोठा.

शिवशंकर पोहण्याच्या तलावावर गेला, तर अर्धी कॉलनी मोबाईल घेऊन काठावर हजर. पोट आत ओढून तो तसाच परत फिरला. मग सत्कार सुरू झाले. आधी मंडळाचा, मग ऑफिसचा, मग मुदखेडला सासरवाडीचा. शाल अंगावर पडली की त्याला वाटायचं, निम्मं पोहणं झालंच. रात्री मात्र झोप लागायची नाही. उगाच बोललो, असं तो बायकोला, शिल्पाला सांगायचा. ती नुसतं हूं म्हणायची.

विसर्जनाच्या दिवशी नदीकाठी ग्यानोबाने माईक घेतला. "यंदा बाप्पाला खोल पाण्यात आपले शिवशंकरभाऊ नेतील!"

टाळ्या पडल्या. मूर्ती हातात आली. गुडघ्याएवढ्या पाण्यात शिवशंकर थांबला आणि शेजारच्या ग्यानोबाकडे वळला.

"ग्यानोबा, मला पोहता येत न्हाई."

"मला काय माहीत न्हाई का? हळू बोल. फ्लेक्सवर माझाबी फोटो हाय."

"अरे, बुडंन मी!"

"मग श्रद्धांजलीचा लावू की. तोबी मोठाच."

तेवढ्यात शिल्पा ओढणी कमरेला बांधून पाण्यात उतरली. त्याच्या हातातली मूर्ती घेतली, पार आत गेली, बाप्पाला निरोप दिला आणि सपासप हात मारत परत आली.

काठावर सगळ्यांनी मोबाईल वर काढले. ताशेवाल्यानेसुद्धा.

"तू कवा शिकलीस?" शिवशंकरने विचारलं.

"उन्हाळ्यात. दुपारी बायकांची बॅच असते. तुम्ही सत्काराला जायचात ना, तेव्हा."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला सांगितलं असतं, म्हणजे ग्यानोबा भावजींना कळलं असतं." तिने केस पिळले. "ते जाऊ द्या. आधी त्यांच्या हातातला फोन घ्या. फ्लेक्सवाल्यालाच लावून राहिले ते."