घासून न जाणारा रंग

कन्हानला कौसल्या मावशीच्या मुलीची हळद होती. मे महिन्याचं ऊन मांडवाच्या कापडातूनही भाजत होतं, आणि अशा उन्हातही मिनलने कॉलरचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कुर्ता घातला होता. बायका हळदीने माखत होत्या, हसत होत्या, एकमेकींच्या मागे धावत होत्या. मावशी दोन्ही हात पिवळे करून मिनलकडे आली. आधी गालांना लावली, मग लाडाने कॉलर मागे ओढून मानेवर हात फिरवला आणि तिथेच थांबली.

"अवं माय! मिनल, मान घासत नाही का वं तू? केवढा मळ जमला हाय!"

मांडवात हशा पिकला. मिनलही हसली, कारण न हसून चाललं नसतं. मग हात धुवायच्या निमित्ताने ती मागच्या अंगणात गेली आणि जेवणाची पंगत बसेपर्यंत तिथेच राहिली.

मिनल अठ्ठावीस वर्षांची. कामठीत घराच्या पुढच्या खोलीत तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि तिच्या हाताला गावात नाव होतं. मानेवरचा तो काळा पट्टा कॉलेजात असताना उमटला होता. सुरुवातीला उन्हाने काळवंडल्यासारखा दिसायचा, पुढे मखमलीसारखा जाड होत गेला. तिच्या आईने, वंदनाने, त्यावर काय काय करून पाहिलं नव्हतं! बेसन, दही, लिंबू, बटाट्याचा रस. हळदीच्या दुसऱ्या दिवशी तर बहिणीचं बोलणं तिने इतकं मनाला लावून घेतलं की खायचा सोडा आणि लिंबू घेऊन ती न्हाणीत उभी राहिली. घासता घासता मानेची कातडी सोलली. मिनलने मागे हात नेऊन आईचं मनगट धरलं.

"बस कर, आई. मळ असता तर कवाचाच निघाला असता."

वंदनाच्या हातातली घासणी गळून पडली. लेकीच्या मानेवर रक्ताचे बारीक ठिपके आले होते. तिने त्यावर खोबरेल तेल लावलं आणि म्हणाली, "नागपूरले जाऊ. कातडीच्या डॉक्टरले दाखवू."

धंतोलीतल्या डॉक्टरीण बाई वयस्क होत्या, शांत होत्या. त्यांनी भिंगातून मान पाहिली, काखेत पाहिलं. आता क्रीम लिहून देतील म्हणून मिनल वाट पाहत होती, तर त्यांनी भलतंच विचारायला सुरुवात केली. पाळी वेळेवर येते का? दुपारी जेवल्यावर डोळे मिटतात का? जेवून थोड्या वेळाने पुन्हा काहीतरी खावंसं वाटतं का? मिनल चकित झाली. दाखवायला आणली होती मान, आणि या बाई तिच्या सगळ्या दिवसाची हकिकत सांगत होत्या. पाळी तर कधी दोन-दोन महिने यायची नाही. दुपारी मशिनवर बसल्या बसल्या डुलकी लागायची.

"घरात कुणाला शुगर?"

"माह्या आईले होती," वंदना म्हणाली. "पण हिले कशी होईन? हे पोट्टी तर गोडाले हातही लावत नाही."

"मग खाते काय?"

सांगताना दोघींच्याही लक्षात येत गेलं. सकाळी चहा-टोस्ट नाहीतर पोहे. दुपारी ताटभर भात. गिऱ्हाईक आलं की त्यांच्यासोबत साखरेचा चहा आणि बिस्किटं. संध्याकाळी चिवडा. रात्री काम संपेल तेव्हा पुन्हा भात, आणि लगेच झोप. चालणं म्हणाल तर मशिनपासून स्वयंपाकघरापर्यंत.

रक्ताचे रिपोर्ट आले तेव्हा साखर बरोबर निघाली. वंदनाने तिथल्या तिथे हात जोडले. पण डॉक्टरीण बाईंनी दुसऱ्या, इन्सुलिनच्या आकड्याखाली रेघ ओढली.

"साखर बरोबर आहे, पण ती बरोबर ठेवण्यासाठी हिच्या शरीराला फार राबावं लागतंय. असं बघा, जेवणातली साखर रक्तात येते. ती पेशींच्या आत पोचवायला इन्सुलिन जाऊन दार वाजवतं. हिच्या पेशींना आता ते वाजवणं नीट ऐकू येत नाही. मग शरीर आणखी इन्सुलिन पाठवतं, आणखी पाठवतं. दार उघडतं, साखर आत जाते, म्हणून वरवर सगळं ठीक. पण एवढं इन्सुलिन अंगात फिरत राहिलं की मानेची, काखेची कातडी अशी जाड नि काळी होते. पाळीही त्यानेच बिघडू शकते."

"म्हणजे हा मळ नाही?" मिनलने विचारलं.

"मळ नाहीच. कितीही घासलं असतं तरी गेला नसता."

मिनलच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबवायचा तिने प्रयत्नही केला नाही. वंदना आपल्या तळहातांकडे बघत बसली होती.

"अहो, रडताय काय? तुम्ही वेळेवर आलात," बाई म्हणाल्या. "शुगर झाल्यावर लोक येतात, तुम्ही आधी आलात. इथून बरंचसं मागे फिरता येतं. ताट बदला, अंग हलवा, झोप पुरी घ्या. तरी आकडे हलले नाहीत तर गोळीचा विचार करू."

ताट बदला म्हणाल्या, आणि मिनलने ताटच बाजूला सारलं. मोबाइलवर कुठल्याशा बाईचे व्हिडिओ पाहून तिने सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि रात्री एक फळ असा उपास मांडला. वंदना ताट वाढून बसायची, ही उठून जायची. वजन भराभर उतरलं तसा तिला जोर चढला. एका दुपारी ती नवरीचा जरीचा ब्लाउज शिवत होती. डोळ्यांपुढे अंधारी आली, कापडासोबत बोट पुढे सरकलं आणि सुई नखाच्या बाजूने आरपार गेली.

तिची किंकाळी ऐकून वंदना धावत आली. तिने मशिनचं चाक हाताने उलटं फिरवून सुई वर काढली, बोट घट्ट दाबून धरलं. वडील, रुपराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. ते साखरपाण्याचा ग्लास घेऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरी, असं उपाशी राहून कोणाचं भलं झालं गा?" घाबरले की ते लेकीलाही मुलग्यासारखं 'गा' म्हणत.

टिटॅनसची सुई घेऊन परतताना मिनलने चौकात समोसे घेतले आणि घरी बसून सगळे एकटीने खाल्ले. "आपल्याच्यानं नाही होत," ती आईला म्हणाली. "आजीले झाली, मलेही होईन. होऊ दे." आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं सुरू झालं.

वंदनाने मात्र ते सोडलं नाही. तिने लेकीला ऑटोत बसवलं आणि पुन्हा धंतोलीला नेलं. बांधलेलं बोट पाहून डॉक्टरीण बाईंनी कपाळाला हात लावला.

"उपाशी राहायला मी कधी सांगितलं? जे आज झेपत नाही ते जन्मभर कसं झेपेल?" मग त्या वंदनाकडे वळल्या. "ताई, तुमच्या घरात काय काय शिजतं, ते मला सांगा."

वंदना अडखळत सांगू लागली. ज्वारीची भाकर. तुरीचं वरण. अंबाडीची भाजी, बरबटीच्या म्हणजे चवळीच्या शेंगा, मोड आलेले मूग, फोडणीचे चणे. अंडी चालतात. दही रोज लागतं.

"मग अडलं कुठे? सगळं तर घरात आहे! सकाळी पोह्यांऐवजी मुगाचं धिरडं नाहीतर अंडी द्या. जेवताना आधी भाजी, वरण, दही, मग भाकर, भात शेवटी आणि थोडा. चहातली साखर हळूहळू उतरवा. रात्री लवकर जेवा आणि जेवल्यावर दोघी चालून या. स्नायू हलले की साखर आत घ्यायला त्यांना इन्सुलिनची तेवढी मनधरणी लागत नाही."

परतीच्या वाटेवर वंदनाचा चेहरा उजळला होता. इतके दिवस तिला वाटत होतं, आपल्याच हातचं खाऊन लेक आजारी पडली. आता तिला कळलं, औषधही तिच्याच डब्यांमध्ये भरून ठेवलेलं आहे.

पहिल्याच रात्री रुपरावांनी ताटाकडे पाहून विचारलं, "भात कुठी गेला?"

"भात हाय. वाटी लहान झाली."

"आणि हे एवढी भाजी कोणासाठी?"

"तुमच्यासाठीच. गुपचूप खा."

जेवण झालं की मायलेकी छावणीच्या रस्त्याने निघायच्या. तिकडे दोन्ही बाजूंना मोठी झाडं, रहदारी कमी. वंदना आली ती लेकीला सोबत म्हणून. पायात साधी चप्पल, पहिल्या पुलापर्यंतच दम लागायचा. तिथल्या कठड्यावर बसून श्वास घ्यायची आणि मग बोलायला लागायची. एका संध्याकाळी तिने सांगितलं की शाळेत ती खो-खो खेळायची आणि तालुक्यात तिला कुणी धरू शकत नसे. मिनल थक्क झाली. इतकी वर्षं एका घरात राहून तिने आईला कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"मंग सोडलं काहून?"

"लग्न झालं न वं. साडी नेसून कुठी धावतं?"

पुढच्या रविवारी मिनलने आईसाठी कॅनव्हासचे बूट आणले. वंदना लाजली, शेजारणी काय म्हणतील म्हणाली, आणि घालून निघाली.

बदल आला तो वाजतगाजत आला नाही. आधी दुपारची डुलकी गेली. दर ब्लाउजमागे एकदा उठून हात न टेकता खुर्चीवर बस-ऊठ करायची मिनलने सवय लावली, तर पाठीचं दुखणंही कमी झालं. मग पाळी वेळेवर आली, पुढच्या महिन्यात पुन्हा आली. मान मात्र तशीच होती. दिवाळीत एका दिवशी तिने करंज्या-चकल्यांवर ताव मारला आणि रात्रभर स्वतःला कोसत राहिली. सकाळी वंदनाने तिच्यापुढे धिरड्याची थाळी ठेवली आणि एवढंच म्हणाली, "कालचं काल झालं. आजचं खा."

थंडीत कौसल्या मावशी ब्लाउज शिवायला आली. दिराकडे लग्न होतं. मिनलने टेप घेतली, छाती मापली, बाही मापायला मावशीला हात वर करायला सांगितलं, पाठीचं माप घ्यायला पदर सरकवला आणि तिचा हात थबकला. मावशीच्या मानेच्या घडीत, काखेत, तोच काळा मखमली पट्टा होता. तिच्यापेक्षाही गडद.

हळदीच्या मांडवातलं वाक्य मिनलच्या अगदी ओठांवर आलं. पण मावशीने तेवढ्यात झटकन पदर मानेवर ओढून घेतला होता. ते ओढणं मिनलला चांगलंच ओळखीचं होतं.

"लय घासतो वं मी," मावशी हळू आवाजात म्हणाली. "जातच नाही. पोरीच्या लग्नात जीव नुसता धास्तावला होता, कोणाले दिसते का म्हणून."

मिनलने टेप गळ्यात टाकली आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसली. "मावशी, मळ नाही तो." आणि मग पेशींचं दार, वाजवणारं इन्सुलिन, सगळं तिला जसं समजलं होतं तसं सांगितलं. मावशी आधी हसली. मग हसणं विरलं. तिला अलीकडे फार तहान लागायची, रात्रीतून उठून पाणी प्यावं लागायचं, पायांना मुंग्या यायच्या.

"तुले सगळ्यांसमोर बोलली मी तवा," ती म्हणाली.

"जाऊ दे न, मावशी. तुले तरी कुठी मालूम होतं? उद्या जाऊ आपण."

मावशीची साखर चांगलीच वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. डोळे आणि किडन्या शाबूत होत्या, तरी मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. "तुहं वाचलं वं, माहं तर होऊनच गेलं."

"गोळी हाय, भाकर हाय, रस्ता हाय," वंदनाने बहिणीला हाताला धरून उठवलं. "आणि मी काय मेली का? संध्याकाळची ऑटो पकडून येत जाय कामठीले."

त्याच सुमारास मिनलचे रिपोर्ट पुन्हा झाले. इन्सुलिन बरंच उतरलं होतं. अजून थोडं उतरायला हवं होतं. डॉक्टरीण बाईंनी मानेवर बोट फिरवलं. "कडा फिकट झाल्यात, कातडी मऊ झालीय. मान सगळ्यात शेवटी ऐकते. चालू ठेवा."

लग्नसराई लागली. मिनलच्या टेबलावर कापडांचा ढीग पडला. एका संध्याकाळी वंदना बुटांच्या नाड्या बांधून दारात उभी राहिली, सोबत मावशी, साडीखाली नवेकोरे बूट.

"आज नाही, आई. हे दोन ब्लाउज उद्या द्याचे हाय."

"बरं," वंदना म्हणाली, आणि दोघी निघूनही गेल्या. आग्रह नाही, काही नाही.

मिनलने सुई ओवली. बाहेर दोघी बहिणींचं बोलणं गल्लीतून दूर जात होतं. मावशी कशावरून तरी खदखदून हसली, मग आवाज वळणापलीकडे गेला. मिनलने क्षणभर कापडाकडे पाहिलं, दिवा बंद केला, दाराला कडी लावली आणि धावत सुटली.

छावणीच्या रस्त्यावर त्या तिला दिसल्या. वंदना पुढे, पदर कमरेला खोचून. मावशी मागे, धापा टाकत.

"आई, थांब न वं!"

वंदनाने मागे वळून पाहिलं, पण पाऊल हळू केलं नाही. "आम्ही थांबत नसतो, पोट्टे. पाय उचल!"