छबुबाईची भोवळ आणि मी

मित्रांनो, मी एक जुने बीपीचे मशीन आहे. काचेच्या नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. धारूरच्या डोंगराखालच्या लहानशा दवाखान्यात मी कितीतरी दंड जवळ केले. मग बटणाचे नवे मशीन आले आणि मी कपाटात धूळ खात पडले.

एके सकाळी सटवा आपल्या आईला, छबुबाईला, घेऊन आला. मेंढरांमागे जाताना ती पुन्हा चक्कर येऊन पडली होती.

"लोक म्हणत्यात मिरगी हाय," सटवा म्हणाला. "मी मेंढरं इकून टाकतो. रानात एकटी पडली तर?"

"मेंढरं इकली तर मी घरात बसून काय करू रं?" छबुबाईचे डोळे भरून आले.

डॉक्टर ऋतुजाताईंनी तिला जवळ बसवले. "आजी, पडायच्या आधी काय होतं?"

"बसल्याली उटले की डोळ्यापुढं अंधारी येती, बाई. मंग काय कळत न्हाई."

झटके येतात का, जीभ चावली जाते का, छाती धडधडते का, सारे त्यांनी सटवालाही विचारले. तसे काही नव्हते. साखर तपासली, हृदयाची पट्टी म्हणजे ईसीजी काढला. दोन्ही ठीक. नव्या मशीनचा पट्टा तिच्या काटकुळ्या दंडाला ढिला पडला, तेव्हा ताईंनी मला पुसून बाहेर काढले.

निजवून मोजले तेव्हा पारा बरा होता. उभे करून मोजले आणि तो सर्रकन खाली आला! छबुबाई डगमगली. ताईंनी तिला सावरले.

"आजी, गोळ्या कोणत्या घेता?"

तिने पिशवी उपडी केली. बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटे निघाली. एक गावातल्या डॉक्टरांचे, दुसरे आरोग्य शिबिरातले. नावे वेगळी, औषध एकच.

"दोगं बी डॉक्टरच हायेत म्हणून दोन्ही खाते," ती भाबडेपणाने म्हणाली.

दुप्पट औषधाने उठताच तिचे बीपी उतरत होते, म्हणून ताईंनी एक पाकीट बंद केले. पाणी भरपूर प्यायला आणि उठताना आधी जरा बसायला सांगितले. सटवाने मेंढरे विकली नाहीत. छबुबाई आता ताठ चालत तपासणीला येते आणि दंड पुढे करून म्हणते, "बांद गं बाई लवकर, मेंढरं दारात हायेत."

मित्रांनो, माझी काच जपा, आतला पारा विषारी असतो. आणि कुणी भोवळ येऊन पडले, तर त्याला आधी आडवे निजवा, दवाखान्यात न्या. त्याच्या गोळ्यांची पिशवी मात्र घरी विसरू नका.